मामाचा हात किती न्यूटन-मीटरचा?

टॉर्क पाना हा बोल्ट ठरलेल्या पिळाच्या जोराने (टॉर्कने) आवळण्यासाठी असतो; त्याने बोल्ट खोलणारा माणूस मला त्याच्या पान्यावरूनच कळतो. पाना टेस्टरवर चढवला, खालच्या आकड्यावर लावला, की रीडिंग एकदा वर एकदा खाली. सोबत आलेल्या पोऱ्याला विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "नाही मॅडम, आम्ही फक्त आवळायलाच वापरतो." बरं.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये काम करते. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंतच्या कारखान्यांतले पाने, गेज, काटे आमच्याकडे तपासायला येतात, आणि त्यातलं टॉर्कचं टेबल माझं. आयएसओ ६७८९ नावाचं मानक आहे. कंपनीने स्वतःचं वेगळं वेळापत्रक ठरवलेलं नसेल, तर त्यानुसार हाताने चालवायचा टॉर्क पाना १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरून झाला की तपासायचा, जे आधी होईल तेव्हा. तपासताना त्याच्या क्षमतेच्या २०, ६० आणि १०० टक्क्यांवर रीडिंग घेतात. आकडा लावता येणारा, तो आकडा गाठला की खटका वाजणारा जो नेहमीचा पाना असतो, त्याची क्षमता १० न्यूटन-मीटरच्या (हे टॉर्क मोजायचं एकक) वर असेल तर ४ टक्के इकडेतिकडे चालतं. त्याहून छोट्या पान्याला ६ टक्के. २० टक्क्यांच्या खाली आम्ही बघतच नाही, कारण तिथे पाना काय बोलतो त्याला अर्थ नसतो. म्हणजे २०० न्यूटन-मीटरचा चाकाचा पाना घेऊन १० न्यूटन-मीटरचा बोल्ट आवळायला निघालेल्या माणसाने पाना घरी ठेवला तरी चालेल.

हे सगळं नोकरीतलं. पण गेल्या पावसाळ्यानंतर माझ्या स्वतःच्या गाडीला पेट्रोलचा वास यायला लागला आणि टेबलावरचं हे सगळं ज्ञान कळव्याला मामाच्या गॅरेजात घेऊन जावं लागलं. त्यातून आमच्या दोघांत जो वाद झाला तो लिहून ठेवण्यासारखा आहे, कारण मामा बऱ्याच अंशी बरोबर निघाला.

आधी मुद्दा सांगते. गाडीत टॉर्क म्हटलं की लोकांना चाकाचे नट आठवतात, फार तर हेड बोल्ट. फ्युएल सिस्टीमचे बोल्ट कुणाच्या खिजगणतीत नसतात, कारण दिसायला ते किरकोळ. १० नंबरची गोटी (सॉकेट) लागणारे, एम-६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, दोन पेरांएवढे. पण टाकीपासून इंजेक्टरपर्यंत, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागापर्यंत, इंधन दाबाखाली जिथून जिथून जातं, तिथला बहुतेक प्रत्येक जोड अशाच एखाद्या किरकोळ बोल्टाच्या किंवा नटाच्या जिवावर असतो. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत रेलमधला, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तोच १५० ते ३५० बारपर्यंत जातो. आणि कॉमन रेल डिझेलमध्ये १६०० बार आणि त्याच्याही पुढे. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, हे लक्षात घ्या म्हणजे अंदाज येईल.

मामाचं गॅरेज खारेगावच्या बाजूला, रस्त्याला लागून. मामा शिकला वागळे इस्टेटमध्ये एका वस्तादाकडे, टेम्पो आणि मॅटाडोरवर. त्याच्याकडे टॉर्क पाना आहे, हाफ इंची, हेड बोल्टसाठी. तो कपाटात कपड्यात गुंडाळलेला असतो आणि इंजिन उतरलं तरच बाहेर निघतो. बाकी सगळं हाताने.

"हाताला कळतं गं," मामा म्हणाला. "बोल्ट बसला की तो सांगतो. मग वर एक टिचकी. झालं."

"टिचकी म्हणजे किती?"

"टिचकी म्हणजे टिचकी. तू जन्मायच्या आधीपासून आवळतोय."

या उत्तराला कारखान्यात कुणी हसलं असतं. मी हसले नाही, कारण आमच्या लॅबमध्ये हात हेसुद्धा एक उपकरणच मानायला हवं असं माझं फार दिवसांचं मत आहे. उपकरण म्हटलं की दोन प्रश्न येतात. एकच काम दहादा दिलं तर ते दहादा तेच उत्तर देतं का? आणि ते उत्तर खरं आहे का? पहिला प्रश्न वेगळा, दुसरा वेगळा. लोक दोन्हीची गल्लत करतात.

माझ्याकडे एक डिजिटल टॉर्क अॅडाप्टर आहे. रॅचेट आणि गोटी यांच्यामध्ये बसतो, आणि आवळताना जास्तीत जास्त किती जोर लागला तो आकडा धरून ठेवतो. मामाच्या भंगारात एक अॅल्युमिनियमचं जुनं सिलिंडर हेड पडलं होतं. ते व्हाइसमध्ये धरलं, त्याच्या चांगल्या आट्यांत नवे एम-६ बोल्ट लावले आणि मामाला म्हटलं, फ्युएल रेलचा बोल्ट समज आणि आवळ. अॅडाप्टरची काच माझ्याकडे वळवलेली.

१६. दुसरा बोल्ट, १७. तिसरा, परत १६.

मग त्याच्याकडच्या पोराला दिलं. आयटीआय करून नुकताच लागलाय. पहिला ९, दुसरा २१, तिसऱ्याला आटे सुटले आणि बोल्ट गरगर फिरायला लागला. मामाने त्याच्याकडे बघितलं. पोरगा हेडकडे बघायला लागला.

मग एम-८ चे बोल्ट घेतले, १२ किंवा १३ नंबरच्या गोटीचे. मामा: २६, २५, २६.

इथे जरा थांबते, कारण मला त्या दिवशी सगळ्यात जास्त मजा या आकड्यांत आली. डोक्यावर ८.८ लिहिलेला साधा पोलादी बोल्ट घेतला, तर ढोबळमानाने एम-६ ला १० आणि एम-८ ला २५ न्यूटन-मीटर धरतात. म्हणजे एम-८ वर मामाचा हात माझ्या टेबलावरच्या कित्येक पान्यांपेक्षा सरस. आणि एम-६ वर तोच हात दीडपटीहून जास्त. पण तिथेही प्रत्येक वेळी तेवढाच जास्त! हात डळमळीत नाही, त्याचा शून्य सरकलेला आहे. बिडाचे ब्लॉक, पोलादी ब्रॅकेट, जाड जाड नट यांवर तो तयार झाला. त्या जगात एम-६ म्हणजे एखाद्या पत्र्याच्या कव्हरचा बोल्ट, दीडपट आवळला तरी बिडाने कधी तक्रार केली नाही. आता त्याच बोल्टाखाली अॅल्युमिनियम आहे, प्लास्टिकचा मॅनिफोल्ड आहे, रबराची ओ-रिंग आहे. हात तोच राहिला, त्याच्याखालचं सगळं बदललं.

आणि १६-१७ म्हणजे नेमकं काय होतं? आपण पान्यावर जो पिळाचा जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात, आणि उरलेला जेमतेम दहावा हिस्सा बोल्टाला ताणतो. तो ताण म्हणजेच खरी पकड. दहावा हिस्सा म्हणून हलका समजू नका: १० न्यूटन-मीटरला एम-६ चा एवढासा बोल्ट जवळपास ८०० किलोच्या जोराने दाबून धरतो. १६-१७ ला गेलात की ८.८ चा बोल्ट आपल्या सहनशक्तीच्या हद्दीवर येतो. त्यापुढे तो लांबतो आणि परत मूळ लांबीवर येत नाही. अॅल्युमिनियमच्या आट्यांत असेल तर बोल्टाच्या आधी आटेच निघून येतात. पोराने दाखवलं तसं.

त्यातच कुणी आट्यांना तेल लावलं तर आणखी गंमत. घर्षण कमी झालं, म्हणजे त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, कधी कधी तिसऱ्या हिश्श्याने जास्त. म्हणून मॅन्युअलमध्ये कोरडा म्हटलंय की तेल लावून, ते बघायचं. काहीच लिहिलेलं नसेल तर मी कोरडा आणि स्वच्छ धरते. मामा मात्र प्रत्येक बोल्ट तेलाच्या डब्यात बुडवून लावतो. म्हणजे त्याचे १६ हे खरं तर १६ पण नाहीत. हे मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. एका दिवसाला पुरे.

आता माझी गाडी. तिचं नाव सांगत नाही आणि आकडेही देत नाही, कारण कुणीतरी ते उचलून आपल्या गाडीला लावणार, आणि एकाच नावाच्या गाडीत सालागणिक इंजिन बदललेलं असतं. एवढंच सांगते की २०१२ ची आहे, पेट्रोल, चार सिलिंडर. तुमचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा. सोबत एकक बघा. जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर असतं, १ म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर. परदेशी व्हिडिओत फूट-पाउंड असतं, १० म्हणजे साडेतेरा. पान्यावर दोन पट्ट्या छापलेल्या असतात आणि घाईत डोळा भलत्याच पट्टीवर जातो.

आम्ही ऐरोलीला राहतो, खाली स्टिल्ट पार्किंग. सकाळी गाडीजवळ गेलं की वास. चालू केली, जरा फिरवली की जायचा. वॉचमनकाकांनी दोनदा टोकलं. सोसायटीतल्या प्रत्येकाचं निदान एकच: इथेनॉल. पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांवर गेल्यापासून गाडीला शिंक आली तरी इथेनॉल. त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. २०२३ च्या एप्रिलपासून निघालेल्या गाड्यांचं सामान त्या हिशोबाने घेतलेलं आहे. आधीच्या गाड्यांतलं काही रबर त्याने लवकर फुगतं किंवा कडक होतं. पण माझी गाडी वास मारायला लागली ती एका गॅरेजात इंजेक्टर साफ करून आणल्यानंतर. मामाकडे गर्दी होती म्हणून दुसरीकडे दिली होती.

मामाने बॉनेट उघडलं, रेलजवळ नाक नेलं आणि म्हणाला, "तिसऱ्या इंजेक्टरपाशी ओल आहे. अर्धा फिरका देतो."

तो अर्धा फिरका मी देऊ दिला नाही. ओ-रिंगवरची गळती बोल्ट आवळून थांबत नाही. कुकरची रिंग गेली की झाकण कितीही दाबलं तरी वाफ येतेच, तसंच हे. ओ-रिंग बसते इंजेक्टरच्या गळ्याभोवती. तिचा दाब ठरतो त्या खोबणीच्या मापाने. बोल्ट रेलला जागेवर धरतो, बस. रेल सरळ बसली असेल तर आणखी आवळून ओ-रिंगला काडीचाही फरक पडत नाही, आणि वाकडी बसली असेल तर आवळून ती आणखी वाकते.

खोलायच्या आधीची तयारी मामाने मन लावून केली, त्यात त्याला काही सांगावं लागत नाही. इंजिन पूर्ण गार. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू केली, लाइनमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडली, परत दोनदा सेल्फ मारला. मग बॅटरीचा निगेटिव्ह काढला. तरी लाइनमध्ये थोडं राहतंच, म्हणून जोडाखाली कापड. हातात एलईडी टॉर्च, जुना दोनशे वॉटचा बल्ब नाही. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. शेजारच्या वेल्डिंगवाल्याला अर्धा तास चहाला पाठवलं. आणि साईबाबांच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती मामाने स्वतः उचलून रस्त्याच्या पलीकडच्या झाडाच्या बुंध्यात नेऊन खोचली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत खड्ड्यात, तळघरात जाऊन साठते. थंडीतसुद्धा पेट घेण्याएवढी वाफ पेट्रोल सहज सोडतं. म्हणून हे काम टॉवरच्या बेसमेंटमध्ये करू नका. रात्री करू नका. एकट्याने करू नका.

रेलचे बोल्ट काढायला घेतले. पहिला हातानेच सुटला म्हणावं इतका सैल. दुसरा करकचून. सुटता सुटता त्याने "कर्र" केलं आणि बाहेर आला तो अॅल्युमिनियमची चकचकीत स्प्रिंग अंगाला गुंडाळून. ते हेडमधले आटे. मामाने बोल्ट उजेडात धरला, नखाने ती तार उलगडली आणि जो शब्द वापरला तो इथे लिहिता येत नाही.

रेल उचलल्यावर बाकीचा पंचनामा सोपा होता. आवळलेल्या बाजूला रेलच्या कानाखालचा (जिथून बोल्ट जातो त्या भागाखालचा) प्लास्टिकचा स्पेसर चिरडून एका कडेने चपटा झालेला. त्यामुळे रेल त्या बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला उचललेली. तिसऱ्या इंजेक्टरची वरची ओ-रिंग एका ठिकाणी अशी कापली गेलेली, की ब्लेडने सोलावं तशी बारीक पापडी निघून आली होती. एक बोल्ट आधी पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की हे होतं. रेल तिरकी उतरते, ओ-रिंग भोकाच्या काठावर अडकते आणि चिरते. सुरुवातीला गळत नाही. गार-गरम, गार-गरम होत पापडी सुटते आणि मग वॉचमनकाका टोकतात.

गेलेल्या आट्यांना मामाने हेलिकॉइल मारली, म्हणजे पोलादी तारेचे नवे आटे बसवले. हे काम बघण्यासारखं असतं. इंजेक्टरची भोकं आधी कापडाने गच्च बंद, कारण एक कण आत पडला की तो थेट व्हॉल्व्हवर जातो. ६.३ च्या ड्रिलला ग्रीस चोपडून, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो, हळूहळू भोक मोठं केलं. मग आटे पाडायचा हेलिकॉइलचा खास टॅप, अर्धा फिरका पुढे, पाव फिरका मागे. मग पोलादी तारेची गुंडाळी आत फिरवून तिचं शेपूट तोडलं, आणि तुटलेलं शेपूट चिमट्याने बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "मोजून घे, आत काही राहिलं म्हणशील." हेलिकॉइल नीट बसली तर आटे मूळच्या अॅल्युमिनियमपेक्षा दणकट होतात. मामाच्या हाताला मी जे १६ म्हणून नावं ठेवत होते, तोच हात ड्रिल सरळ धरताना केसभर हलला नाही.

परत बसवताना मात्र माझा शब्द चालला. सगळ्या इंजेक्टरच्या ओ-रिंग नव्या, एकाच्या नाही. जुन्या चारांतल्या तीन ठेवून पैसे वाचवणं मला पटत नाही. त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब. सिलिकॉन तर मुळीच नाही, त्याचे तुकडे इंजेक्टरच्या जाळीत जातात. रेल दोन्ही हातांनी सारखी दाबून बसवली. प्रत्येक इंजेक्टर बोटांनी फिरतो का बघितला. फिरत नसेल तर ओ-रिंग कुठेतरी चिमटली आहे. बोल्टाचे पहिले काही फिरके बोटांनीच, पाना लावायचा नाही; बोटांना वाकडा गेलेला आटा कळतो, पान्याला कळत नाही. मग पाना अर्ध्या आकड्यावर लावून एक इकडचा, एक तिकडचा. मग पूर्ण आकड्यावर, परत आळीपाळीने. एकच खटका. दुसऱ्यांदा खात्री म्हणून जो खटका वाजवतात ती खात्री नसते, त्याने टॉर्क आणखी थोडा चढतो.

खटक्याची एक खरी अडचण मात्र मला लॅबमध्ये कधी कळली नसती. शांत खोलीत तो छान टिक्कन ऐकू येतो. मामाच्या गॅरेजात बाहेर रिक्षांचे हॉर्न, मागे कॉम्प्रेसर. १० न्यूटन-मीटरचा खटका इतका अशक्त असतो की मामाने पहिल्या खेपेला तो ऐकलाच नाही आणि ओढत राहिला. मी पाना धरला म्हणून थांबला. लहान आकड्यावर कानावर विसंबू नका. मूठ पान्याच्या मुठीवरच धरायची, हळू ओढायचं, आणि हाताखाली जो बारीकसा धक्का लागतो त्याकडे लक्ष द्यायचं. हे सांगितल्यावर मामाला दुसऱ्याच खेपेला जमलं. शेवटी हाताला कळणं हाच त्याचा धंदा.

आवळून झालेल्या बोल्टाच्या डोक्यापासून खालच्या धातूपर्यंत मी नेलपॉलिशची एक रेघ ओढते. कारखान्यात पिवळ्या मार्करने करतात तेच. बोल्ट पुढे-मागे हलला तर रेघ तुटलेली दिसते. मग बॅटरी, फ्यूज. सेल्फ न मारता नुसती चावी चालू-बंद केली, दोन-तीनदा. प्रत्येक वेळी पंप क्षणभर घरघरतो आणि लाइन भरतो. टिश्यू पेपरचा तुकडा प्रत्येक इंजेक्टरच्या गळ्याशी टेकवून बघितला, कोरडा. मग इंजिन चालू, परत टिश्यू. गरम झाल्यावर परत. त्या क्षणी ओलं दिसलं असतं तर परत सगळं खोललं असतं, आवळलं नसतं.

बाकीच्या जागांचं थोडक्यात सांगते. बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या पोटातूनच इंधन जातं तो, पोकळ असतो, म्हणून त्याच मापाच्या भरीव बोल्टापेक्षा नाजूक. तो सील होतो दोन बाजूंच्या तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या वायसरवर. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणारे महाभाग आहेत. टेपचे धागे सुटून इंजेक्टरमध्ये जातात, आणि गळती मुळात तिथून होतच नसते. तांब्याचं वायसर एकदा दाबलं की कडक होतं. मामा ते गॅसवर लालबुंद करून परत मऊ करतो, आणि तांब्याचा गुणधर्मच तसा असल्याने ते खरंच मऊ होतं. पण नवं वायसर चहाच्या किमतीत मिळतं, मग कशाला? टाकीवरच्या पंपाच्या चकतीला पाच-सहा बोल्ट असतील तर समोरासमोर, दोन टप्प्यांत. प्लास्टिकची मोठी रिंग असेल तर तिला तिचाच पाना; स्क्रू ड्रायव्हर टेकवून हातोडी मारायची पद्धत आहे, ती उघड्या टाकीच्या तोंडावर ठिणगी पाडायची पद्धत आहे. आणि पाइपाच्या पट्टीला भोकं असलेल्या क्लिपा रबरात रुततात, इंजेक्शनच्या लाइनला गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्या.

कॉमन रेल डिझेलच्या हाय-प्रेशर पाइपांना घरी हात लावू नका. गळती शोधायला चालू इंजिनावर बोट फिरवलं तर १६०० बारची धार कातडीतून आत जाते. बघणारे पुठ्ठा धरून बघतात. तिथल्या युनियन नटांना उघड्या तोंडाचा क्रोफूट, म्हणजे टॉर्क पान्याच्या टोकाला जोडायचं तोंड, लागतो. तो पान्याला काटकोनात लावला तर आकडा तोच राहतो, सरळ रेषेत लावला तर पान्याची लांबी वाढते आणि बोल्टाला जास्त जोर बसतो. काही डिझेलमध्ये इंजेक्टर धरणारा बोल्ट आकड्यानंतर आणखी ठरावीक अंशात फिरवायचा असतो, आणि तो एकदाच वापरायचा. सीएनजीबद्दल तर बोलायलाच नको. २०० बारचं सिलिंडर, दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), आणि फिटिंग अधिकृत माणसाकडूनच. मामासुद्धा त्या नटांना हात लावत नाही.

पाना घ्यायचा असेल तर फ्युएलच्या कामाला ५ ते २५ न्यूटन-मीटरचा, पाव इंची किंवा तीन-आठ (३/८) इंची. तेवढ्यात बहुतेक कामं मधल्या पट्टीत येतात. काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली पिळू नका. पाना घेणं जमत नसेल तर प्रवासाच्या बॅगा तोलायचा डिजिटल काटा आणा. रिंग पान्यावर बोल्टाच्या मध्यापासून १५ सेंटीमीटरवर खूण करा, तिथे दोरीने काटा अडकवा, आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर ६.८ किलो आले की १० न्यूटन-मीटर झाले. २० सेंटीमीटरवर अडकवलात तर ५.१ किलो. ओढायचं सावकाश, आणि काटा बघायला दुसरा माणूस हवा. नेमकेपणा पान्याएवढा नाही, पण मामाच्या १६ पेक्षा बरा.

मामाने नागदेवी स्ट्रीटवरून तीन-आठचा पाना आणला, कारण त्याच्याकडे गोट्या त्याच मापाच्या आहेत. वापरतो का? फ्युएल रेल आणि प्लास्टिक मॅनिफोल्डला वापरतो, बाकी सगळं अजून टिचकीवर, आणि एम-८ पुरतं माझंही काही म्हणणं नाही. पोरगा मात्र नादी लागलाय. अॅडाप्टर मी तिथेच ठेवून आले होते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो भंगारच्या हेडवर आवळत बसतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. आता १० ते १२ च्या मध्ये येतोय म्हणे. त्या नादात डब्यातले एम-६ चे सगळे बोल्ट लांबवून टाकले, आणि मामाने ते बिल मला व्हॉट्सॲपवर पाठवलंय.